चरावरची उडी

स्कूटर चालवताना माझ्या मागं कुणी बसलेलं नसलं तरी मी हँडल खाली दाबूनच चालवते. नातू म्हणतो, आजी, स्कूटर काही उडून जाणार नाहीये, हात सैल सोड. मी सोडते, पण पुढचा सिग्नल येईपर्यंत हात पुन्हा आपल्या जागी गेलेले असतात. मनगटं दुखतात. डॉक्टर म्हणतात, वय झालं. वयाचं असेलही, पण ही खोड मला शाळेत असताना लागली, आणि ती मोडण्यासाठी मी एक अख्खा उन्हाळा सायकलीवरून पडण्यात घालवला, हे आता कुणाला सांगत बसायचं. सांगायला लागलं की समोरचा मोबाइल बघायला लागतो. म्हणून इथं लिहून ठेवते.

आम्ही तेव्हा जालना रोडच्या आतल्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. राहायला आलो तेव्हा आमच्या पुढं नुसता माळ होता. मग दर दोन-चार महिन्यांनी पुढं एकेक ओळ उभी राहत गेली. आधी विटा, वाळू, खडी यायची आणि त्यांच्या मागून माणसं. कुणी जालन्याकडची, कुणी बीडकडची, कुणी पार अजिंठ्याकडची. गावात पाणी उरलं नाही म्हणून शहरात आलेली, आणि शहरात आल्यावर पुन्हा पाण्याच्याच मागं लागलेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, करमाडजवळच्या एका खेड्यातले. ते चिकलठाण्याच्या कारखान्यात होते आणि बहुतेक रात्रपाळी करत. सकाळी आले की भाकरी खाऊन, तोंडावर टॉवेल टाकून झोपायचे. त्यामुळं आमचं घर दिवसा कुजबुजत चालायचं. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही, कडी वाजवायची नाही, शिंकायचं तर ओट्यावर जाऊन. बाहेर मात्र दिवसभर सळया कापल्याचा, खडी ओतल्याचा आवाज, आणि लांबून ट्रकचे हॉर्न. त्या सगळ्यात अण्णा गाढ झोपत. चमचा पडला की मात्र उठून बसत. असं कसं, हे तेव्हा कळायचं नाही; आता माझंही तसंच होतं.

त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास हंडा उचलताना आईच्या कमरेत उसण भरली आणि ती काही निघाली नाही. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. आमच्या घरात वजन म्हणजे पाणीच, ते मग माझ्याकडं आलं. घरचा स्वयंपाकही पाण्यावरून ठरायचा. भात बंद, कारण तांदूळ धुवावे लागतात. वरण पाहुणे आले तरच. एरवी ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी, नाहीतर कोरडा झुणका, तो इतका कोरडा की घशाखाली उतरायला पाणी लागायचं, आणि मग आई म्हणायची, "घोट घोट पी, घटाघटा नाय." भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. अंघोळ परातीत बसून करायची, आणि परातीतलं पाणी दारावर टांगलेल्या गोणपाटावर शिंपडायचं, म्हणजे आत झोपलेल्या अण्णांना जरा गार वाटेल. त्या गोणपाटाला आम्हा सगळ्यांच्या अंगाचा वास यायचा. आम्हाला तो येईनासा झाला होता, पाहुण्यांना यायचा.

पाणी मिळायचं ते माळाच्या पलीकडं, शेखचाचांच्या शेतातल्या बोअरवर. चाचांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही, पण त्यांच्या फाटकापाशी नंबरावरून एकदा डोकी फुटली आणि तेव्हापासून त्यांनी नियम घातला. "मोटर चालू हुए बगैर गेट के पास कोई नक्को," असं ते म्हणाले, आणि हातात काठी घेऊन बसायला लागले. हंडे आधी मांडून ठेवायचे नाहीत, कुणासाठी कुणी जागा धरायची नाही. त्यामुळं पहाटे सगळी वस्ती माळाच्या अलीकडच्या बाभळीखाली जमायची. सायकलीवर टांग टाकून, एक पाय जमिनीवर, एक पायडलवर, आणि कान शेताकडं. कुणी बोलायचं नाही. वीज आली की लांबवर मोटार एकदा खाकरायची, मग सलग घुरघुर सुरू व्हायची, आणि त्याबरोबर सगळ्या सायकली एकदम सुटायच्या. ज्याची सायकल आधी पोचेल त्याचा नंबर आधी. दोन-अडीच तासांनी वीज जायची, आणि ज्यांचा नंबर तोवर लागला नाही ते रिकामे परत.

एवढ्यावर मी निभावलं असतं. माझे पाय चांगले होते. पण त्या माळावर आडवा चर खणला गेला, नव्या वसाहतीला नळ येणार म्हणून. चर आला, पाइप काही आले नाहीत. पाणी आणायला खणलेल्या चरानं आमचं होतं ते पाणी अडवलं. तसा तो फार रुंद नव्हता, उंच माणूस लांब टांग टाकून ओलांडील एवढाच. पण कमरेपेक्षा खोल, आणि कडा भुसभुशीत. सायकल घेऊन उतरलं तर वर यायला दोन माणसं लागायची. कुणीतरी त्यावर बांधकामातली, स्लॅबच्या सेंट्रिंगची एक फळी टाकली. मग सगळी शर्यत त्या फळीपाशी येऊन थांबायला लागली. एकावेळी एकच सायकल, आणि आधी कोण, तर ज्याचा खांदा मोठा तो. बाया आणि पोरी शेवटी. माझी शाळा सकाळची. फळी ओलांडून, नंबर लावून, दोन खेपा करून मी वर्गात शिरायचे तेव्हा तिसरा तास चाललेला असायचा. नववी कशीबशी निघाली. निकालाच्या दिवशी बाईंनी आईला सांगून पाठवलं, की दहावीला असं चालायचं नाही.

त्या संध्याकाळी अण्णा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "यंदा दहावी राहू दी, कुंदे. पाऊसपाणी झालं की बस पुढच्या साली." ते रागावून म्हणाले नाहीत, हेच मला जास्त लागलं. रागावले असते तर भांडता आलं असतं. ते थकून बोलत होते, आणि थकलेल्या माणसाशी काय भांडायचं. आई भाकरी थापत राहिली. आमच्या ओळीतल्या दोन पोरींची दहावी अशीच राहिली होती, आणि पुढच्या साली त्या बसल्या होत्या त्या बोहल्यावर. मला एवढंच कळलं, की फळीच्या आधी पलीकडं पोचता आलं तर माझी शाळा, नाहीतर नाही.

आमच्याकडं सायकल होती ती मामानं पुण्याहून एस.टी.च्या टपावर टाकून पाठवलेली. त्याचा मुलगा मिलिंद तिच्या मानानं मोठा झाला म्हणून आमच्याकडं आली. लाल रंगाची, जाड टायरांची, सरळ हँडलची, डोंगरात चालवायची म्हणे. तिला ना चेनकव्हर, ना घंटी, ना कॅरियर. अण्णांनी तिला बघून मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी वेल्डिंगवाल्याकडं नेऊन मागं जाडजूड कॅरियर आणि दोन्ही बाजूंना कॅन अडकवायला लोखंडी आकडे बसवून आणले. मे महिन्यात मिलिंद आमच्याकडं राहायला आला. "जयभीम आत्या," म्हणून आईच्या पाया पडला, आणि वळून सायकल बघितली तर त्याचा चेहराच उतरला. "हिचं काय केलंत हे?" तो म्हणाला. आई म्हणाली, "कामाला लावली बाबा. इथं कुणी बसून खात नाय."

मिलिंद माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, बोलायला पुणेरी आणि स्वभावानं गरीब. तो पुण्यात टेकडीवर मित्रांबरोबर सायकलीवरून उड्या मारायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्याबरोबर गंमत म्हणून बाभळीपर्यंत आला, फळीपाशी झालेली रेटारेटी बघितली, आणि परत येताना मला म्हणाला, "कुंदा, चराची माती सगळी आपल्याच बाजूला टाकलीय. लोकांच्या पायांनी दबून त्याचा चांगला चढ झालाय. त्यावरून सायकल सरळ पलीकडं जाईल." मला वाटलं, थट्टा करतोय. संध्याकाळी त्यानं आकडे रिकामे करून सायकल लांब नेली, जोरात आला, ढिगाऱ्यावर चढला आणि चरावरून पलीकडं गेला. उतरताना आवाजसुद्धा फार झाला नाही. पलीकडं चरणारी शेळी मान वर करून बघायला लागली. मला त्या क्षणी सायकलीचा, मिलिंदचा आणि त्या शेळीचाही हेवा वाटला.

शिकवायला त्यानं चर घेतला नाही. आमच्या घरासमोर बांधकामाच्या वाळूशेजारी एक मुरमाचा लहान ढीग होता, त्याला थापून त्यानं चढ केला. पलीकडं जमीन, म्हणजे पडलं तर जमिनीवर. शिकवण तशी साधी होती. दोन्ही पायडलं एका पातळीत ठेवायची, त्यांवर उभं राहायचं, गुडघे मोडून, बूड सीटच्या मागं. चढ संपता संपता सायकलीला वर येऊ द्यायचं, आपण तिच्या आड यायचं नाही. हात फक्त धरायला. "तू काहीच करू नकोस, ती आपोआप उडते," तो म्हणायचा. आणि मी प्रत्येक वेळी ढिगाच्या टोकावरून पुढचं चाक खाली घालून तोंडावर पडायचे. मिलिंद ओरडायचा, "मागं, मागं हो," मी मागं व्हायचे आणि तरी चाक खालीच. गुडघे सोलले, हनुवटी फुटली. आई हळद लावता लावता म्हणाली, "सायकलीवर उड्या मारून पाणी येतंय व्हय?" तिला मी शाळेचं सांगितलं नाही. तिला कळलेलंच असणार.

आता माझा नातू आमच्या शहरालगतच्या साताऱ्याच्या डोंगराकडं अशाच सायकली घेऊन जातो. डोक्याला शिरस्त्राण, गुडघ्याला कोपराला पट्टे, आणि उडी मारतानाचं चित्रण करायला एक मित्र. एकदा मला हौसेनं नेलं. मी खुर्चीत बसून बघत होते आणि माझ्याही नकळत माझे हात मांडीवर खाली खाली दाबले जात होते. त्याला वाटलं आजी घाबरली.

एका संध्याकाळी मी पडले ती मनगटावर. ते सुजलं, आणि पाण्याचं काम मिलिंदकडं गेलं. तोही मुकाट्यानं पहाटे उठून जायला लागला. दोन्ही आकड्यांना भरलेले कॅन लावले की त्या सायकलीचं मागचं अंग इतकं जड व्हायचं, की पुढचं चाक जमिनीवर टेकेनासंच व्हायचं. खड्ड्यातून गेलं की हँडल वर यायचं. म्हणून पुढं वाकायचं, छातीचा भार हँडलवर टाकायचा आणि ते दाबून धरायचं, घरी येईपर्यंत. पहिल्या दिवशी मिलिंदनं एक कॅन वाटेत सांडला. त्या दिवशी गोणपाट कोरडं राहिलं आणि अण्णा दुपारभर कूस बदलत होते. मग तोही दाबायला शिकला. चार-सहा दिवसांनी माझं मनगट जरा हलायला लागलं, तेव्हा तो म्हणाला, चल, मी पुन्हा एकदा करून दाखवतो, नीट बघ. लांबून आला, मुरमाच्या ढिगावर चढला, आणि पुढचं चाक खाली घालून तोंडावर आपटला. अगदी माझ्यासारखा. मी धावत गेले. तो मातीत बसून हसत होता, ओठातून रक्त येत होतं आणि हसत होता. मग हसणं थांबवून त्यानं स्वतःच्या तळहातांकडं बघितलं.

"तू महिनोन्‌महिने हे करतेयस," तो म्हणाला. "हँडल वर आलं की दाबायचं. मी इतके दिवस तुला सांगतोय त्याला वर येऊ दे, आणि तुझे हात त्यालाच घाबरतात."

मला तेव्हा हसू आलं नाही. मला फार दमल्यासारखं वाटलं. जे नीट करायला शिकले, कुणी न शिकवता, आईची कंबर गेली म्हणून, तेच नेमकं आडवं आलं होतं. पाणी घरी आणायचं तर हात दाबायला हवेत, आणि पाण्यापर्यंत आधी पोचायचं तर सोडायला हवेत. मी मातीत त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "मला नाय जमायचं, मिलिंददादा."

पण तो चिवट निघाला. त्यानं आईची बाजाराची पिशवी आणली, तीत खडी भरली आणि हँडलच्या मधोमध बांधली. आता सायकल पुढून जड झाली. दाबायचं कारणच उरलं नाही. न ओढता चाक वरच येईना. त्या पिशवीसकट मी ढिगावर चढायचे आणि पडायचे, पण आता वेगळी पडायचे. मग तो रोज पिशवीतून मूठ मूठ खडी काढून टाकायला लागला. सकाळी मी भरले कॅन घेऊन दाबत यायचे, संध्याकाळी पिशवी घेऊन सोडायला शिकायचे. दोन्हींनी रात्री हात इतके भरून यायचे, की भाकरीचा तुकडा मोडवायचा नाही, आई मोडून द्यायची. आणि एका संध्याकाळी पिशवी रिकामी होती, मी ढिगाच्या टोकावर पोचले, काहीच केलं नाही, आणि दोन्ही चाकं एकदम जमिनीवर आली. मिलिंद टाळ्या वाजवणार होता, पण अण्णा झोपलेत हे आठवून त्यानं नुसते हात वर केले. दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसला. खिडकीतून म्हणाला, "चरावर पहिल्यांदा जाशील तेव्हा खाली बघू नको."

शाळा उघडायच्या दिवशी मी गणवेश घालूनच बाभळीखाली गेले. आई दारात टेकून उभी होती. अण्णा कामावरून यायचे होते. रिकामे कॅन मी ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधले होते. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, आणि ते आता कुणी वर मान करून बघतही नव्हतं. शेजारचे काका म्हणाले, "आज शाळा का गं?" मी हो म्हटलं. "अण्णा तर राहू दे म्हणत होते." तेवढ्यात मोटार खाकरली.

सगळे फळीकडं वळले. मी सरळ गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "ए पोरी, कुठं चाललीस?" ढिगारा समोर आला तेव्हा मला मिलिंदचं काही आठवलं नाही, पायडलं एका पातळीत आहेत एवढंच कळलं. मग चढ, मग हात सैल, आणि मग खाली जमीन नव्हती. मी खाली बघितलं. ओलसर काळ्या मातीचा पट्टा, त्यात कुणाची तरी एक चप्पल. कॅन खडखडले आणि मी पलीकडं होते, पडले नव्हते, सायकल चालतच होती. मागं फळीवर अजून पहिलाच माणूस होता. मला इतका आनंद पुढं नोकरी लागल्यावरही झाला नाही, हे खरं सांगते.

चाचांनी फाटक उघडून दिलं. मी पहिली. कॅन सोडून पाइपाखाली धरला. मोटार घुरघुरत होती, पाइपातून थोडं गढूळ पाणी आलं, मग फुसफुस, मग नुसती हवा. मी हात धरून बघितला. गार हवा लागत होती. चाचा काठी बाजूला ठेवून बोअरपाशी उकिडवे बसले होते. "पानी गया, बेटा," ते म्हणाले. "इत्ते साल में कभी नै गया था. हवाच आरी." त्यांनी मोटार बंद केली. ती बंद झाल्यावर माळावर इतकं शांत झालं, की फळीवरून येणाऱ्यांच्या चाकांचा आवाज ऐकू यायला लागला. एकेक जण येत गेला आणि मला विचारत गेला, कारण पहिला नंबर माझा होता. "भरलं का तुझं? किती येतंय?" मी प्रत्येकाला नाही म्हणून सांगितलं. एका म्हाताऱ्या बाईनं माझे कॅन हलवून बघितले. मग तीही तिथंच खाली बसली.

परत येताना मी फळीवरूनच आले. आईनं मला लांबूनच बघितलं. रिकाम्या कॅनचा आवाज वेगळा असतो, तिला सांगावं लागलं नाही. मी म्हटलं, "बोअर आटला." तिनं आकड्यांवरून कॅन काढून घेतले. मग म्हणाली, "मग आता घरी बसून काय करतीस? पाणी नाय, तर खेपा नाय. जा शाळंला."

"अण्णा?"

"आल्यावर मी बघते. जा."

तोंडही न धुता मी शाळेत गेले. शिमग्यानंतर पहिल्यांदा प्रार्थनेला रांगेत उभी राहिले. हजेरीत माझं नाव आलं तेव्हा बाईंनी सवयीनं पुढचं नाव घेतलं होतं, मला "हजर, बाई" असं दोनदा म्हणावं लागलं. पोरी हसल्या. मी मात्र दिवसभर पाइपातल्या त्या हवेचाच विचार करत होते.

घरी आले तर दारात सायकल उभी होती, तिच्या आकड्यांना कॅन नव्हते. आत दोन हंडे आणि दोन्ही कॅन भरलेले, वर फडकं. त्यांच्या शेजारी आई भुईवर पालथी पडली होती. मी शाळेत असताना वस्तीच्या तोंडाशी टँकर आला होता, आणि ती त्या गर्दीत जाऊन आली होती, एकेक हंडा कडेवर घेऊन. आतल्या खोलीत अण्णा झोपले होते. शाळेचं त्यांचं आणि तिचं काय बोलणं झालं ते मला दोघांनी कधी सांगितलं नाही. पण दहावी राहू दे, हे वाक्य त्या घरात पुन्हा निघालं नाही, आणि आईची कंबर पुन्हा कधी सरळ झाली नाही. आता तो माळही नाही, तिथं एक मंगल कार्यालय आणि त्याच्या गाड्या आहेत. नळ आले, पण पाण्याची वाट बघणं काही सुटलं नाही.

मी दप्तर ठेवलं, तेलाची वाटी घेतली आणि तिच्या कमरेला हळूहळू चोळायला लागले. ती डोळे मिटूनच म्हणाली, "हलकं. दाबू नकोस." मी हात सैल केले. मला वाटलं तिला झोप लागली. मग तिनं विचारलं, "उडी जमली का?"

दिवसभरात मला हे कुणीच विचारलं नव्हतं.

"जमली," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं. अण्णा उठू नयेत म्हणून मी तोंडात पदर धरल्यासारखं तिच्या लुगड्यात तोंड घालून रडले.